बारदान वजा जाता

मित्रांनो, वहिनींचे वजन खरोखरच घटले होते हे मालकांना ज्या दिवशी कळले, त्या दिवशी वहिनींना जाऊन तीन दिवस झाले होते.

दुपार होती. भट्टी थंड होती. मालक आतल्या खोलीतून एक गाठोडे घेऊन आले आणि त्यांनी ते माझ्यावर ठेवले. त्यात वहिनींचे थंडीतले कपडे होते. जाड स्वेटर, लोकरीचे मोजे, जाड कापडाचा एप्रन, बूट आणि किल्ल्यांचा जुडगा. मालकांनी माझ्या दांडीवरचे वजन सरकवले. दोन किलो सहाशे. मग त्यांनी ते गाठोडे उतरवले आणि वहिनींचे उन्हाळ्यातले कपडे ठेवले, चपलांसकट. एक किलो शंभर. मालकांनी बोटांवर वजाबाकी केली. दीड किलो फरक आला. त्यांनी पहिले गाठोडे पुन्हा ठेवले, पुन्हा उतरवले. मी तोच आकडा दाखवला.

भट्टीवाला दारात उभा होता. त्याने विचारले, "काय शोधताय, मालक?"

"पाच किलो यायला हवे होते."

"कशाचे?"

"कपड्यांचे." मग मालक पिठाच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "पाच किलोचे कपडे घालून माणूस चालेल का रे?"

भट्टीवाला तोंडाचा फटकळ होता. पण त्या दिवशी तो भट्टीतली राख काढायला निघून गेला.

मी एक जुना वजनकाटा आहे. माणसांचा नव्हे, पोत्यांचा. खाली लोखंडी फळी, मागे छातीएवढा खांब आणि खांबावर आडवी पितळी दांडी. फळीवर माल ठेवायचा, दांडीवरचे वजन सरकवत न्यायचे आणि दांडी हवेत तरंगली की आकडा वाचायचा. शंभर ग्रॅमच्या खालचे मला काही समजत नाही. त्याच्या वरचे मी कधी चुकलो नाही.

मला एका ओतशाळेत ओतले. साच्यात हवा राहिली होती, म्हणून माझ्या फळीच्या एका कोपऱ्यात खड्डा आहे. दांडी मात्र एका म्हाताऱ्या कारागिराने चार दिवस कानशीने घासली. शेवटी तो म्हणाला, "आता याला खोटं बोलायचं असेल तर शिकवणी लावावी लागेल." मग माझ्यावर सरकारी शिक्का बसला आणि मी या बेकरीत आलो. तेव्हा मालकांचे वडील गल्ल्यावर बसायचे. त्यांनी मालकांना माझ्याजवळ उभे करून पहिला धडा दिला तो असा : "आधी बारदान, मग माल."

मित्रांनो, बारदान म्हणजे ज्यात माल येतो ते. पोते, डबा, पेटी. पोत्यासकट जे वजन भरते त्यातून पोत्याचे वजन काढून टाकायचे, म्हणजे पिठाचे खरे वजन कळते. बेकरीतल्या माणसाच्या हाडात हा हिशेब मुरलेला असतो. मालकांच्याही मुरला होता.

मी पुष्कळ वर्षे मानाने काम केले. शेजारचे दुकानदार आपला माल माझ्यावर तपासून न्यायचे. "त्या काट्याने सांगितलं ना, मग विषय संपला," असे म्हणायचे. मला त्याचा गर्व होता. आज सांगायला लाज वाटते, पण होता.

वहिनी, म्हणजे मालकांची बायको, लग्न होऊन आल्या तेव्हा सडपातळ होत्या. पुढची पंधरा वर्षे त्या पहाटेपासून कणकेच्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि हळूहळू अंगाने भरल्या. तोवर त्यांच्याकडे कुणी फारसे बघितलेही नव्हते. मग एका सोमवारी पिठाची गाडी आली होती, पोती मोजून झाली होती, आणि मालकांची बहीण टेबलावर बसून गरम बिस्किटे खात होती. वहिनी तिला वन्सं म्हणत.

वन्सं म्हणाल्या, "दादा, पोती मोजतोस, तशी एकदा वहिनीलाही मोज की."

"काटा मोडेल," मालक म्हणाले.

"शंभराच्या वर जात नसेल ना? मग चढव."

वहिनी हसत नाही नाही म्हणत होत्या. मालकांनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना माझ्यावर उभे केले. भट्टीवाल्याने भट्टीचे दार सोडले आणि तो बघायला आला. गाडीवाला हमालही थांबला. मी दाखवले, ऐंशी. मालकांनी नेहमीच्या सवयीने बारदान काढले. "कपडे, बूट, एप्रन, धरा दोन. निव्वळ अठ्ठ्याहत्तर." मग ते हमालाला म्हणाले, "आपलं पोतं पन्नासचं. म्हणजे हे दीड पोतं झालं, वर तीन किलो फुकट!"

सगळे हसले. वहिनीही हसल्या, कारण न हसून सांगतात कुणाला. त्या दिवसापासून त्यांचे नाव दीड पोतं पडले. दर सोमवारी पोती मोजून झाली की मालक हाक मारायचे, "चला, आता दीड पोतं घ्या रे!" आणि वहिनी हात पुसत यायच्या. एकदा त्या आल्या नाहीत, तर मालकांनी त्यांना गिऱ्हाइकांसमोर गल्ल्यावरून हाक मारली. मग त्यांनी पुन्हा कधी टाळले नाही.

वहिनींनी खाणे कमी केले. सकाळी नुसता चहा. दुपारी ताटलीत दोन घास. चार महिने असे चालले, आणि मी दर सोमवारी बारदान वजा जाता अठ्ठ्याहत्तरच दाखवत राहिलो. एकदा साडेसत्त्याहत्तर दाखवले. पुढच्या सोमवारी पुन्हा अठ्ठ्याहत्तर.

"हवा खाऊनही फुगते ही," मालक म्हणायचे. "खमीर आहे हिच्यात."

मी दाराजवळ उभा असल्यामुळे मला दिसत होते ते कुणाला दिसत नव्हते. दिवस कलला की वहिनींचे हात थरथरायचे. मग त्या ट्रे पुसता पुसता कडेला राहिलेल्या कडा, मोडकी बिस्किटे, केकचे कापलेले टोक तोंडात टाकायच्या. उभ्या उभ्या, भरभर, दाराकडे पाठ करून. त्याला त्या खाणे म्हणतच नव्हत्या.

ते ओळखले नर्सबाईंनी. त्या पलीकडच्या दवाखान्यात काम करायच्या आणि ड्यूटी संपली की पाव घ्यायला यायच्या. एका संध्याकाळी त्यांनी वहिनींना ट्रेशी बघितले.

"दुपारी काय जेवलात?" त्यांनी विचारले.

"दोन घास. डाएट चालू आहे माझं."

"ताटलीत चारशे कॅलरी आणि ट्रेच्या काठावर दीड हजार, असलं डाएट. बाई, तुम्ही जास्त खा."

मालक गल्ल्यावरून ओरडले, "ऐका! विहिरीत पाणी ओता, म्हणजे विहीर आटेल!"

नर्सबाईंनी त्यांच्याकडे बघितलेही नाही. त्या वहिनींना म्हणाल्या, "नुसतं जास्त खाऊन कुणी बारीक होत नाही. पण जेवणात जास्त खाल्लंत तर हे मधलं सुटेल. सकाळी पोटभर, दुपारी पोटभर, बसून. मग दिवसाची बेरीज आपोआप कमी होईल. आठवड्याला पाव किलो जाईल, फार तर अर्धा. आणि एक ऐका. त्याहून जास्त जायला लागलं तर खूष होऊ नका. सरळ माझ्याकडे या. रक्त तपासायचं."

वहिनींनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारी स्टूल ओढून बसल्या आणि ताटली भरून जेवल्या. भट्टीवाला म्हणाला, "वहिनी, आज कुणाचं लग्न आहे?" त्या म्हणाल्या, "माझंच. तुला आमंत्रण नाही." पंधरा वर्षांत मी त्यांना उलटून बोलताना पहिल्यांदा ऐकले.

आणि मित्रांनो, नर्सबाई बरोबर होत्या. संध्याकाळी वहिनींचे हात थरथरेनासे झाले. ट्रेच्या कडा तशाच राहू लागल्या. आठ आठवड्यांत मी अठ्ठ्याहत्तरवरून शहात्तरवर आलो. दर सोमवारी थोडा थोडा. मालकांना ते आवडले नाही. हसायची सोय जात होती. "दोन किलोने काय होतंय, अजून दीड पोतंच आहे," ते म्हणाले.

मग ते दुसरेच सुरू झाले.

पहिल्या सोमवारी दीड किलो गेले. दुसऱ्या सोमवारी आणखी एक. सहा आठवड्यांत मी शहात्तरवरून अडुसष्टवर आलो. आठ किलो. वहिनी आता पूर्वीपेक्षा जास्त जेवत होत्या, तरी भूक भागत नव्हती. कणकेच्या टेबलावरचा पाण्याचा जग त्या एकट्याच संपवायच्या. तासातासाला मागच्या दाराने जायच्या. मधेच पोत्यांवर टेकायच्या.

एका सोमवारी माझ्यावरून उतरताना त्या म्हणाल्या, "अहो, नर्सबाईंकडे जाऊन येते. जास्त गेलं तर या म्हणाल्या होत्या."

"कुठे जास्त गेलंय?"

"आठ किलो गेलं की."

आता मालकांनी जे केले ते फक्त बेकरीवाल्यानेच केले असते. त्याच महिन्यात गिरणीवाल्याने तागाची पोती बंद करून प्लॅस्टिकची सुरू केली होती. पहिल्या दिवशी प्रत्येक पोते माझ्यावर कमी भरले. मालकांनी गिरणीवाल्याला चोर म्हटले, चार माणसांत त्याची अब्रू काढली. मग त्याने शांतपणे एक रिकामे तागाचे आणि एक रिकामे प्लॅस्टिकचे पोते माझ्यावर ठेवून दाखवले. पीठ तेवढेच होते. फरक बारदानाचा होता. मालकांची मान खाली गेली. पुन्हा असा मूर्खपणा करायचा नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले असणार.

म्हणून ते वहिनींना म्हणाले, "अगं, वेडी आहेस का? थंडी गेली. तुझं ते स्वेटर गेलं, बूट गेले, जाड एप्रन गेला. मी तेव्हा दोनच किलो धरले होते. खरं बारदान सात-आठ तरी असेल. पाच किलो त्यातच गेले. राहिले तीन. सहा आठवड्यांत तीन. आठवड्याला किती झाले?"

"अर्धा," वहिनी म्हणाल्या.

"मग? बरोब्बर बाईंनी सांगितलं तेवढंच. उगाच जाऊन हसं करून घेशील."

"पण तहान फार लागते हो."

"भट्टीशेजारी उभी राहतेस. इथे कुणाला लागत नाही? विचार त्याला."

"मी तर बादली संपवतो," भट्टीवाला म्हणाला.

मित्रांनो, ती गाठोडी तेव्हा आतल्या खोलीत दहा पावलांवर होती. मी इथे होतो. दोघांना एकत्र आणायला कुणाला दोन मिनिटे लागली नसती.

त्याच आठवड्यात नर्सबाई पाव घ्यायला आल्या. वहिनी मागे पोत्यांवर पडल्या होत्या. बाईंनी मालकांना विचारले, "कसं चाललंय? किती गेलं?"

"सहा आठवड्यांत तीन," मालक म्हणाले. "तुमच्या हिशेबाने अगदी."

"छान. सांगा त्यांना, असंच चालू ठेवा."

त्यानंतर नर्सबाईंची ड्यूटी बदलली आणि त्या या रस्त्याने यायच्या बंद झाल्या.

यापुढचे तीन आठवडे वहिनींच्या आयुष्यातले सर्वांत कौतुकाचे होते. हे मला सांगायला सर्वांत जड जाते. गिऱ्हाइके थांबून विचारायची, काय करता हो? वन्सं तर मागेच लागल्या.

"वहिनी, मलाही सांग ना. तुझ्या पाया पडते."

"तुम्हीच तर मला काट्यावर चढवलंत, वन्सं."

"मग बघ, माझ्यामुळेच झालं सगळं."

वहिनींनी त्यांना जवळ बसवून सगळे सांगितले. सकाळी पोटभर, दुपारी पोटभर. "जास्त गेलं तर" हे शेवटचे वाक्य मात्र त्यांनी सांगितले नाही. ते त्यांच्या लेखी आता निकालात निघाले होते.

मी त्रेसष्ट दाखवले तेव्हा मालकांनी नवे नाव काढले. "सव्वा पोतं!" आता त्यांना अभिमान वाटू लागला होता, जणू त्यांनीच हे घडवले. त्यांनी दरांची काळी पाटी पुसली आणि वहिनींच्या हातात खडू दिला. "लिही. बायका आत येतील." वहिनींचे अक्षर चांगले होते. त्यांनी लिहिले : 'जास्त खाऊन पंधरा किलो कमी. आत या, काट्यावर पाहा.' लिहून होईपर्यंत त्या दोनदा खाली बसल्या. पाटी दाराबाहेर लागली. बायका खरोखरच आत आल्या.

शेवटचे चार दिवस वहिनींच्या श्वासाला आंबूस-गोड वास येत होता, नासलेल्या फळांसारखा. दुसऱ्या कुठल्याही घरात कुणीतरी विचारले असते. इथे भट्टीवाल्याने खमिराचे भांडे उघडून पाहिले आणि म्हणाला, "मालक, खमीर उतू चाललंय वाटतं." ते धुऊन नवे लावले. वास गेला नाही. "भिंतीत मुरलाय," मालक म्हणाले.

सोमवारी पोती मोजून झाली. मालकांनी हाक मारली. वहिनी आल्या, माझ्यावर चढल्या आणि त्यांनी माझा खांब दोन्ही हातांनी धरला. धरलेल्या माणसाचे वजन मला नीट लागत नाही. मालक म्हणाले, "हात सोड, दांडी हलतेय."

वहिनींनी हात सोडला आणि त्या माझ्या पायाशी कोसळल्या.

पुढचे मी भट्टीवाल्याच्या तोंडून ऐकले. रक्तात साखर इतकी चढली होती की डॉक्टरांनी यंत्र बदलून पुन्हा तपासली. भूक, तहान, वास, घटलेले वजन, सगळे त्या साखरेचे. डॉक्टरांनी मालकांना विचारले, "किती दिवसांत किती गेलं?" मालकांनी सांगितले, "पंधरा. पण त्यातले पाच कपड्यांचे." डॉक्टर लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, "पाच किलोचे कपडे?" एवढेच. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर मालकांनी नवा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. मला ढकलत रिकाम्या डब्यांच्या मांडणीखाली नेले आणि माझ्यावर एक जुने तागाचे पोते टाकले. माझ्या दांडीवर आता पिठाचा थर बसतो. कोळ्याने जाळे केले आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही. मी कधी खोटे बोललो नाही म्हणून मिरवत होतो. पण माझ्यावर चढून कुणी आपले मरण मोजले, तरी मी दांडी तरंगवत तोच एक आकडा दाखवणार. त्या आकड्याचे काय करायचे ते माणसांनी ठरवायचे असते. मालकांनी ठरवले.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, मला फार शहाणपण सांगता येत नाही. कुणाच्या अंगावरून नाव ठेवू नका, कारण नाव ठेवलेला माणूस दुखले तरी आधी तुमच्या हसण्याला भितो. आणि ज्याने "जास्त झालं तर माझ्याकडे या" असे सांगितले असेल, त्याच्याकडे जा. घरचा कुणी तुम्हाला वजाबाकी करून दाखवत असला तरी जा.

परवा नर्सबाई आल्या. ड्यूटी पुन्हा बदलली होती आणि वहिनींचे त्यांना दवाखान्यात कळले होते. दारात पाटीपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग आत आल्या.

"पंधरा?" त्यांनी विचारले. "मला तीन सांगितलं होतंत."

"तीन आठवड्यांनी लिहिलं ते," मालक म्हणाले.

"तीन आठवड्यांत आणखी बारा गेले?"

मालक गल्ल्याच्या लाकडाकडे बघत म्हणाले, "तुम्हाला बारदान काढून सांगितलं होतं. गिऱ्हाइकांना बारदानासकट."

नर्सबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "ती पाटी पुसा."

"अक्षर तिचं आहे हो. घरात दुसरं काही लिहिलेलं नाही तिचं. कधी लिहायची वेळच आली नाही तिच्यावर."

"वाचणाऱ्या बायका जिवंत आहेत," नर्सबाई म्हणाल्या आणि पाव न घेता निघून गेल्या.

मालकांनी फडके ओले केले. बाहेर गेले. पाटीसमोर उभे राहिले. एक बाई मुलीचे बोट धरून थांबली आणि तिने विचारले, "खरंच होतं का हो असं?" मालकांनी फडके पाठीमागे धरले. ते म्हणाले, "आत माझी बहीण आहे, तिला विचारा." आत वन्सं बसल्या होत्या, चार किलोंनी वाढलेल्या, आणि तरीही सोमवारची वाट बघत.

काल पाऊस आला तेव्हा मालक धावत जाऊन पाटी आत घेऊन आले. अक्षरांवर थेंब पडू नये म्हणून त्यांनी माझ्यावरचे पोते काढून तिच्यावर घातले. आज सकाळी ऊन पडल्यावर ती पुन्हा दाराबाहेर लावली.

पाटी अजून पुसलेली नाही.